भिंतीकडची बाजू

मी भाजी घेऊन घरात शिरले तेव्हा माझा नवरा छत डोक्यावर घेऊन उभा होता.

म्हणायला म्हणून नाही, खरोखरचं छत. मागच्या खोलीत दोन लाकडी घोड्या, त्यांच्यावर आडवी फळी, फळीवर हा, आणि ह्याच्या टाळूवर जिप्समचा अख्खा बोर्ड. बोर्डाची एक कड भिंतीला ठोकलेल्या पट्टीवर टेकलेली, बाकी सगळा भार ह्याच्या डोक्यावर. मान खांद्यात रुतली होती. केसांत, भुवयांत, मिशीत पांढरी पूड. स्क्रू मारायचं मशीन खाली जमिनीवर पडलं होतं, आणि दोन दिवस खपून ह्याने बनवलेला लाकडी टेकू त्या मशीनशेजारी आडवा झोपला होता.

"आलीस?" तो म्हणाला. रोज म्हणतो तसंच.

"आले. काय चाललंय?"

"काम चाललंय."

"छान," मी म्हणाले आणि पिशवी ओट्यावर ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

आधीच सांगून ठेवते, तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. मनात मात्र अरे-तुरे, आणि ही गोष्ट मी मनातलीच सांगतेय. इतकी वर्षं संसार ओढल्यावर बाईला एवढी सवलत असायला हरकत नाही.

माझ्या नवऱ्याचा धंदा छतांचा. लोकांच्या घरात, दुकानात, दवाखान्यात सिमेंटच्या स्लॅबखाली पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा टांगायचा आणि त्याला खालून हे बोर्ड स्क्रूने आवळायचे. वरचा सगळा कुरूपपणा झाकला जातो आणि मालक खूश होतो. काम दोघांचं आहे. बोर्ड उचलला की एकाने भिंतीकडच्या बाजूला उभं राहायचं, दुसऱ्याने मोकळ्या बाजूला. भिंतीकडच्याला त्यातल्या त्यात सुख, कारण कड कोपऱ्यात दाबून धरली की भिंतही थोडं सांभाळते. मोकळ्या बाजूच्याला मात्र कुणी वाली नाही. डोकं आणि एक हात बोर्डाखाली, दुसऱ्या हातात मशीन, आणि तो हात सरळ वर.

ह्याचा जोडीदार म्हणजे ह्याचा साडू, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. ती दोघं आमच्याच डोक्यावर राहतात, वरच्या मजल्यावर. मी त्याला ओळंबा म्हणते. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन टांगतो, तो ओळंबा. आमचा हा तसाच आहे, उंच, बारीक, सरळ आणि मुका. दोघांनी मिळून किती छतं लावली ते त्यांनाही माहीत नसेल. माझा नवरा मोकळ्या बाजूला, ओळंबा भिंतीकडे. हे कधी कुणी ठरवलं नाही. नवराबायकोच्या पलंगाच्या बाजू ठरून जातात तसं ते ठरून गेलं.

आता खरी गोम. गेले काही महिने माझ्या नवऱ्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

हे त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. मला तर नाहीच नाही. पण मी काय आंधळी आहे? शर्ट घालताना आधी उजवी बाही चढवतो, तोंड वाकडं करून. फडताळातला वरचा डबा हवा असला की त्याला एकदम माझं कौतुक सुचतं, "तुझा हात बरोबर पोचतो बघ." केस विंचरताना तर बघण्यासारखं असतं. कंगवा छातीशी धरतो आणि डोकं खाली नेऊन त्याच्यावर फिरवतो. मी एकदा विचारलं, काय झालंय हाताला? तर म्हणाला, हाताला काय व्हायचंय, आणि स्कूटरच्या चाकात हवा भरायला निघून गेला. मी काही महत्त्वाचं बोलायला लागले की ह्याला हमखास स्कूटरच्या चाकातली हवा आठवते.

मला कळलं तसं ओळंब्यालाही कळलं. त्याने काय करावं? एका बाईंच्या घरी काम चालू होतं. पुढचा बोर्ड घेताना हा बाबा न बोलता मोकळ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"ए, ती माझी बाजू आहे," माझा नवरा म्हणाला.

"दादा, ती तिकडची भिंत वाकडी आहे," ओळंबा म्हणाला. "तिथे तुमची नजर हवी. मला जमायचं नाही."

ओळंब्याने आयुष्यात मारलेली ही बहुतेक पहिली थाप. थाप मारायलाही सराव लागतो. माझ्या नवऱ्याने खिशातून लेव्हल काढली आणि भिंतीला लावली. बुडबुडा बरोबर मधोमध, म्हणजे भिंत सरळ. मग जे सुरू झालं ते त्या बाई अजून शेजारपाजारी सांगत असतील. मला म्हातारा समजतोस का, माझ्या हाताखाली शिकलास आणि मलाच भिंतीकडे पाठवतोस, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: मला कुणाची गरज नाही, मी एकटा छत लावीन. ओळंब्याने हत्यारं गोळा केली आणि तो घरी आला. हे सगळं मला धाकटीने जिन्यात सांगितलं. त्या दोघांची बोलाचाली बंद झाली, तरी आम्हा बहिणींचा जिना चालू होता.

इथवरही मी हसून सोडून दिलं असतं. पण ह्याने चपला-जोड्यांच्या एका दुकानाचं काम घेतलं. एकट्याने. छत उंच, खाली लोखंडी परांची, आणि सोमवारपासून सुरुवात. "आजकाल लोक एकटेच करतात," हा मला सांगत होता. "भिंतीला पट्टी ठोकायची, एक कड तिच्यावर, दुसरीखाली टेकू, झालं. माणूस लागतो कशाला?" त्याची रंगीत तालीम म्हणून आज रविवारी आमची मागची खोली. ही खोली झाक म्हणून मी कधीपासून मागे लागले होते. दुनियेची छतं झाकून झाली, आमच्या अंथरुणावर मात्र रोज सिमेंटचे पापुद्रे पडतात. तेव्हा वेळ नव्हता. आता लगेच मुहूर्त लागला.

मला त्या दुकानाची भीती वाटत होती. इथे घोडीवरून पडला तर कंबर धरून बसेल. तिथे परांचीवर डोक्यावर बोर्ड, हात अर्ध्यात अडकलेला, आणि हाक मारायला जवळ कुणी नाही. डोळे मिटले की मला तेच दिसायचं. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी जास्त बोलते.

तर मी हातपाय धुतले, मटार निवडायला ताट घेतलं आणि मागच्या खोलीत येऊन रंगाच्या उलट्या बादलीवर बसले.

"टेकू पडला वाटतं," मी म्हणाले.

"पडला नाही. सरकला. तूच ना ते प्लॅस्टिक अंथरायला लावलंस? फरशी खराब होईल, फरशी खराब होईल. प्लॅस्टिकवर टेकू राहतो होय?"

"म्हणजे चूक माझी."

"चूक कुणाची म्हणत नाहीये मी. प्लॅस्टिकची आहे."

"आणि मशीन खाली कसं गेलं?"

"टेकूला अडकवलं होतं."

म्हणजे बघा. दोन दिवस टेकू तासून गुळगुळीत केला, त्याला मशीन टांगायला हौसेने एक आकडाही बसवला, आणि टेकू गेला तो मशीन घेऊनच गेला. मी हसू दाबायला एक शेंग सोलली. पण हसू दाबायची मला सवय नाही.

"हस, हस," तो म्हणाला. "ते मशीन जरा इकडे सरकव."

"का? एकट्याचं काम आहे ना?"

"सरकवायला सांगतोय. मदत मागत नाहीये."

"फरक काय?"

मी दुसरी शेंग घेतली. मग हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस इथून हलू शकत नाही. वाकला तर बोर्ड पट्टीवरून निसटून ह्याच्याच पाठीत बसणार. उतरू शकत नाही, फिरू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे स्कूटरमध्ये हवा भरायला जाऊ शकत नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला पूर्ण ऐकून घेणारा नवरा मिळाला होता.

मी काही संधी सोडली नाही.

नळापासून सुरुवात केली. मोरीतला नळ ठिबकतोय तो दुरुस्त करायला प्लंबर बोलावू देत नाहीस, कारण तुला येतं, आणि करत नाहीस, कारण तुला वेळ नाही. तुझी बहीण आली की तू तिच्याशी गप्पा मारायला आणि मी चहाला. मोबाइलवरचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावून तू झोपतोस, आणि मी बंद केले की "बघतोय" म्हणतोस, डोळे मिटून. माझ्या आईच्या आजारपणात तू रोज दवाखान्यात यायचास ते मी विसरले नाही, पण तिथे बसून तू वॉर्डाचं छत किती वाईट लावलंय ते तिला समजावून सांगायचास. बिचारीला दुसरं काही बघायला नव्हतं, उताणी पडलेली. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, जावयांना सांग, तो तिसरा सांधा खरंच चिरलाय.

अर्थात हे सगळं मी "तुम्ही, तुम्ही" करूनच बोलले. शिस्त म्हणजे शिस्त.

"एवढं सगळं साठवून ठेवलं होतंस?" बोर्डाखालून आवाज आला.

"जागा लागते त्याला. म्हणून तर नवं कपाट मागत होते."

"माझ्या नाकाला खाज सुटलीय."

"सुटू दे."

"अगं, खरंच."

मी उठून पदराने त्याचं नाक खसाखसा पुसलं. मी काही राक्षसीण नाही. आणि आता उठलेच होते म्हणून मूठभर मटारचे दाणेही त्याच्या तोंडात टाकले. त्याने चावले.

"गोड आहेत," तो म्हणाला.

"बघून आणलेत."

वरून पावलं वाजत होती. खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. आमच्या घरात वाटी पडली तरी वर कळतं, आणि इथे तर टेकू, मशीन आणि माझं भाषण एवढं सगळं पडलं होतं. सकाळी जिन्यात धाकटी म्हणाली होती, "ताई, ह्याने रविवार असून कामाचे कपडे चढवलेत. विचारलं तर म्हणतो, असेच. आणि नुसता फेऱ्या मारतोय." आता ती पावलं बरोबर आमच्या खोलीच्या मधोमध येऊन थांबली. माझ्या नवऱ्यानेही ते ऐकलं. वर बघता येत नव्हतं, म्हणून त्याने नुसत्या भुवया वर केल्या.

"बोलावू का?" मी विचारलं.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? देवाला."

"गरज नाही. तू मशीन दे, मी करतो."

तेव्हा कुठे मला नीट दिसलं. त्याचा डावा हात बोर्डाला लावलेला होता, पंजा पसरून, नखं पांढरी होईपर्यंत. उजवा हात बोर्डाला लावलेलाच नव्हता. तो खाली होता, अंगठा कमरेच्या पट्ट्यात अडकवून, जसा काही हा बसची वाट बघत उभा आहे. मी एवढा वेळ समोर बसून मटार सोलत होते आणि माझं लक्ष त्याच्या तोंडाकडेच होतं.

मी मशीन उचललं. "कुठल्या हातात देऊ?"

तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"अहो, कुठल्या हातात देऊ? डावा काढलात तर बोर्ड येईल खाली."

"उजव्या."

मी दिलं. त्याने पट्ट्यातून अंगठा सोडवला, मशीन धरलं आणि हात वर न्यायला लागला. कमरेपासून छातीपर्यंत गेला. छातीपासून खांद्यापर्यंत गेला, पण हळू, आणि कोपर बाहेर काढून. तिथे थांबला. मी म्हणणार होते, पुरे, द्या इकडे. त्याआधीच त्याने दात आवळून एक झटका दिला, आणि त्याचा चेहरा असा झाला की तो मला पुन्हा बघायचा नाही. मशीन निसटलं, खाली आपटलं. बॅटरी सुटून कोपऱ्यात गेली.

त्याच्या मिशीवरची पूड थरथरत होती.

"दुखतंय," तो म्हणाला.

एवढंच. एवढ्या वर्षांत दाढ उपटली तेव्हा नाही, पायात खिळा गेला तेव्हा नाही, कधी हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. माझ्या हातातलं ताट कुठे गेलं मला कळलं नाही. मी बादलीवर पाय दिला, फळीवर चढले, त्याच्या शेजारी उभी राहिले आणि बोर्डाखाली डोकं घातलं. दोन्ही हातांनी वर रेटलं.

"मग आधी का नाही बोललास?" मी म्हणाले. तोंडावर तू म्हणाले ते माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या तर अजून आलेलं नाही.

"काय बोलणार? छतवाल्याचा हात वर जात नाही?"

"हो. तेच बोलायचं."

"मग मला कोण ठेवेल?"

"मी ठेवीन. मी काय तुला हात बघून ठेवलंय?"

त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, पण मान वळायच्या स्थितीत नव्हती. म्हणून आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिलो. बोर्ड माझ्याही टाळूवर आला होता, आणि खरं सांगते, तो भलताच जड असतो. ह्याने एवढा वेळ एकट्याने धरला होता आणि मी नळाचं पुराण लावलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं.

"नळाचं खरंच राहिलंय," तो म्हणाला.

मी बोर्ड आणखी थोडा वर रेटला.

"आता?" मी विचारलं.

"आता मशीन दे."

मी खाली बघितलं, म्हणजे मान न हलवता जेवढं दिसतं तेवढं. मशीन जमिनीवर. बॅटरी कोपऱ्यात. टेकू आडवा. आणि आम्ही दोघंही शहाणे फळीवर, डोक्यावर एकच बोर्ड घेऊन.

तोही बघत होता. आधी त्याच्या नाकातून एक आवाज आला. मग माझ्या. मग आम्ही असे हसत सुटलो की बोर्ड हलायला लागला आणि वरून पूड माझ्या डोळ्यांत गेली. "हसू नकोस, पडेल," तो म्हणत होता आणि स्वतःच हसत होता. "एकट्याचं काम म्हणे," मी म्हणत होते. "दोघांनाही जमत नाहीये."

हसणं थांबलं तेव्हा वरची पावलं अजून तिथेच थांबलेली होती. अगदी आमच्या डोक्यावर.

"हाक मार," तो म्हणाला.

"मी नाही. भांडण तुमचं, हाक तुमची."

"अगं, मान मोडेल माझी."

"माझीही मोडेल. पण मी नाही मारणार."

माझ्या माहेरच्या माणसांना हट्टी म्हणतो, पण ह्याच्या हट्टाला तोड नाही. मी मनात म्हटलं, हा आता बोर्डाखाली मरेल, मला घेऊन मरेल, पण तोंड उघडणार नाही. आणि उद्या सकाळी... पण उद्याचं मी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

त्याने घसा खाकरला. "वर कोणी आहे का?" तो म्हणाला. आवाज असा की खिडकीतल्या चिमणीलाही ऐकू गेला नसता.

"नाव घेऊन."

"साडू," तो म्हणाला.

"ऐकू नाही गेलं. मलाच नाही गेलं."

मग त्याने श्वास घेतला आणि असा ओरडला की माझ्या कानठळ्या बसल्या. "अरे ए साडू! ये रे खाली! माझ्याच्याने होत नाही!"

वर खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग जिन्यात धडधड, आणि मी दार उघडंच टाकलं होतं म्हणून ओळंबा थेट मागच्या खोलीच्या उंबऱ्यात. कामाचे कपडे, हातात स्वतःचं मशीन, खिशात स्क्रूंची पुडी, कानावर पेन्सिल. त्याच्या मागे धाकटी, तोंडावर हात दाबून.

ओळंब्याने आमच्याकडे बघितलं. फळीवर दोन माणसं, वर एक बोर्ड.

"बरं," तो म्हणाला.

"ताई, थांब गं, एक फोटो," धाकटी म्हणाली.

"मोबाइलला हात लावलास तर बघ!"

ओळंबा फळीवर चढला आणि कामाला लागला. मशीनचा आवाज सुरू झाला. एक कोपरा, दुसरा कोपरा, मग मधले. माझ्या टाळूवरचा भार कमी कमी होत गेला आणि मग राहिलाच नाही.

"ताई, डोकं काढा," तो म्हणाला. मी काढलं. "दादा, तुम्हीही."

"काढलंय की."

"नाही काढलेलं."

मान तशीच राहिली होती. ओळंब्याने त्याला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही त्याला कपाट उतरवतात तसं फळीवरून खाली उतरवलं आणि बादलीवर बसवलं. मी त्याची मान चोळली. धाकटीने जमिनीवर सांडलेले मटार गोळा केले. ओळंबा खिडकीशी उभा राहून वरचे स्क्रू बघत होता. माझ्या नवऱ्याची लेव्हल तिथेच खिडकीत पडली होती, पण त्याने तिला हात लावला नाही. भांडणाबद्दल दोघं एक अक्षर बोलले नव्हते. मला वाटलं, झालं, आता ओळंबा चहा घेऊन वर जाणार, आणि सोमवारी माझा नवरा त्या दुकानात एकटा.

चहा झाला. कप खाली ठेवून ओळंब्याने भिंतीला उभा करून ठेवलेला पुढचा बोर्ड उचलला आणि तो फळीखाली येऊन थांबला. भिंतीकडे नाही, मोकळ्या बाजूलाही नाही. मधोमध. बोर्ड धरून नुसता उभा.

माझा नवरा उठला आणि फळीवर चढला. मोकळ्या बाजूला दोन पावलं गेला. तिथे उभा राहून त्याने वरच्या सांगाड्याकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. धाकटीने माझा दंड धरला.

मग तो वळला, फळीवरून चालत दुसऱ्या टोकाला गेला आणि भिंतीकडे जाऊन उभा राहिला. भिंतीवरून त्याने डावा तळवा फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"ही भिंत वाकडी आहे," तो म्हणाला.

त्याने तळवा भिंतीवरच ठेवला.

"इकडे नजर हवी. तुला जमायचं नाही. तू तिकडे हो."

ओळंब्याने हातातला बोर्ड नीट धरला. "हो दादा," तो म्हणाला. "चांगलीच वाकडी आहे."

"त्या जोड्यांच्या दुकानातल्या भिंतीही मी बघून आलोय."

"वाकड्या?"

"सगळ्या."

ओळंबा मोकळ्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि दोघांनी बोर्ड उचलला. लेव्हल अजून खिडकीत पडली होती, माझ्या नवऱ्याला हात लांबवला तर मिळेल अशी. मी मटारच्या टरफलांचं ताट नेऊन तिच्यावर ठेवलं.